‘द क्रो’ (१९९४): तीस वर्षे उलटूनही हा काळोखा चित्रपट मनातून उतरत का नाही?

निशाचर

सुपरहिरोंच्या चित्रपटांवर मराठीत आता पुष्कळ लिहिले जाते, पण अ‍ॅलेक्स प्रोयास दिग्दर्शित ‘द क्रो’ त्या चर्चेत सहसा येत नाही. आला तरी एका वाक्यात आटोपतो: ज्याच्या चित्रीकरणात ब्रूस लीच्या मुलाचा जीव गेला, तो चित्रपट. त्या दुर्घटनेची छाया या चित्रपटावर आहे आणि ती पुसली जाणार नाही, हे मला मान्य आहे. तरीही ज्यांना ही घटना ठाऊकच नव्हती असे प्रेक्षकसुद्धा त्याच्या प्रेमात पडलेले मी पाहिले आहेत, आणि दर पिढीत तो नव्याने कोणाच्या तरी हाती लागतो. त्यामुळे त्याच्या टिकण्याचे कारण पडद्यावर जे दिसते त्यातच शोधले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. पुढे कथानक उघड केले आहे, तेव्हा ज्यांना आधी चित्रपट पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबावे.

गोष्ट डेट्रॉइटची आहे. ३० ऑक्टोबरची रात्र, जिला तिथे ‘डेव्हिल्स नाइट’ म्हणतात. शहरात जागोजाग आगी लावल्या जात आहेत. एरिक ड्रेव्हन हा रॉक वादक आणि त्याची वाग्दत्त वधू शेली यांचे दुसऱ्या दिवशी लग्न आहे. चार गुंड त्यांच्या घरात घुसतात, एरिकला मारून उंच खिडकीतून खाली फेकतात, आणि शेली अत्याचारांनंतर रुग्णालयात तीस तास तडफडून प्राण सोडते. वर्षभराने एक कावळा एरिकच्या थडग्यावर येऊन बसतो आणि एरिक माती उकरून वर येतो. आता त्याच्या जखमा आपोआप भरतात, कावळ्याला दिसते ते त्यालाही दिसते, आणि तो त्या चौघांना एकेक करून गाठतो. कथानक म्हणाल तर एवढेच, आणि सूडकथा म्हणून त्यात नवे काही नाही.

नवे आहे ते या चित्रपटाने दुःखाला दिलेले स्थान. सूडपटांत दुःख हे बहुधा पहिल्या पंधरा मिनिटांचे काम असते. नायकाच्या हाती शस्त्र देण्यापुरते ते येते आणि मग मारामारीला वाट मोकळी करून देऊन निघून जाते. इथे मात्र एरिक प्रत्येक वस्तूपाशी अडखळतो. उद्ध्वस्त घरात परत आल्यावर तो आपली पांढरी मांजर उचलून घेतो आणि तिच्या स्पर्शासरशी जुने सगळे त्याच्या अंगावर कोसळते. चित्रपटभर हेच घडत राहते: ज्याला हात लावावा त्यातून आठवण बाहेर येते, आणि ती आठवण गोळीपेक्षा जास्त लागते. गोळ्यांच्या जखमा क्षणात बुजतात, पण आठवणींच्या जखमांवर त्याच्या अमरत्वाचा काहीही इलाज चालत नाही. सुपरहिरोच्या शक्तीची इतकी दुखरी कल्पना त्या काळातल्या मोठ्या चित्रपटांत मला दुसरीकडे आढळलेली नाही.

आता त्याच्या देखणेपणाविषयी. छायालेखक दारिउश वोल्स्की आणि कलादिग्दर्शक अ‍ॅलेक्स मॅकडॉवेल यांनी उभे केलेले हे शहर अक्षरशः कोळशाने रेखाटल्यासारखे दिसते. चालू काळातली दृश्ये जवळजवळ रंगहीन आहेत. ओल्या विटा, काळे आकाश, धूर, थांबायचे नाव न घेणारा पाऊस आणि त्या सगळ्यात एरिकचा पांढरा रंगवलेला चेहरा. आठवणी येतात तेव्हा मात्र पडद्यावर तांबूस, उबदार उजेड पसरतो. म्हणजे जिवंतपणाचे सगळे रंग भूतकाळात ठेवले आहेत, आणि वर्तमानाच्या वाट्याला फक्त आगीचा नारिंगी रंग आला आहे. हे कोणतेही पात्र बोलून दाखवत नाही, पण पाहणाऱ्याला ते न सांगता कळते. शहराचा बराचसा भाग लघुप्रतिकृतींचा आहे आणि कॅमेरा कावळ्याबरोबर त्यांच्या छपरांवरून झेपावत जातो, तेव्हा ते खरे वाटावे असा आग्रहही चित्रपट धरत नाही. एखाद्या शोकाकुल माणसाला जग जसे दिसेल तसे ते दिसते. नंतरच्या काळात काळे कोट आणि पावसाळी गल्ल्या यांचा सुपरहिरोपटांत सुकाळ झाला, पण त्यातल्या अनेकांत काळोख हा केवळ पेहराव राहिला. ‘द क्रो’चा काळोख कथेतूनच येतो.

दोन प्रसंगांविषयी मला विशेष लिहायचे आहे. पहिला डार्लाचा. सारा ही बारा-तेरा वर्षांची मुलगी एरिक आणि शेलीची लाडकी. तिची आई डार्ला व्यसनात बुडालेली आणि त्याच गुंडांपैकी एकाच्या बिछान्यात सापडते. इतर कोणत्याही सूडपटात तिला हाकलून दिले असते किंवा तीही मारली गेली असती. एरिक तिला आरशासमोर उभी करतो, तिचा हात धरतो आणि तिच्या नसांतले मॉर्फिन सुयांच्या छिद्रांतून बाहेर पिळून काढतो. मग मुलगी तुझी वाट पाहते आहे, एवढे सांगून तिला जाऊ देतो. दुसऱ्या दिवशी डार्ला स्वयंपाकघरात साराला न्याहारी करून घालायला धडपडते आहे. मृत्यूतून उठून आलेल्या माणसाने संपूर्ण चित्रपटात केलेला खरा चमत्कार हाच आहे.

दुसरा प्रसंग टॉप डॉलर या गुंडांच्या म्होरक्याच्या, म्हणजे कथेतल्या मुख्य खलनायकाच्या, बैठकीचा. लांबलचक टेबलाभोवती शहरातले सगळे गुन्हेगार बसले आहेत आणि एरिक तिथे येऊन सांगतो की, त्याला त्यांच्यापैकी फक्त एक जण हवा आहे, उरलेल्या चौथ्या मारेकऱ्याखेरीज त्याचे कोणाशी काही देणेघेणे नाही. ते गोळीबार सुरू करतात म्हणून तो रक्तपात होतो. शहर सुधारण्याची, गुन्हेगारी निपटून काढण्याची कसलीही प्रतिज्ञा त्याने केलेली नाही, आणि मला वाटते की चित्रपट जुना न होण्याचे एक मोठे कारण हे आहे. जग वाचवण्याच्या गोष्टी त्या त्या काळच्या भीतीशी बांधलेल्या असतात, त्यामुळे ती भीती ओसरली की गोष्टही ओसरते. एका माणसाने एका माणसाला गमावणे मात्र कोणत्याही काळात शिळे होत नाही.

आपल्याला काय वाटते ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

सांजवारा

निशाचर, डार्लाच्या प्रसंगाविषयी तुम्ही लिहिलेत ते अगदी पटले. मूळ मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. एरिकची भूमिका करणारा ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली याचा मृत्यू आणि हा चित्रपट यांची फारकत करता येते, असे मला वाटत नाही, आणि ती करावी असेही वाटत नाही.

घटना नेमकी काय घडली हे इथे नोंदवून ठेवतो, कारण त्याविषयी नको नको त्या वदंता पसरल्या आहेत. ३१ मार्च १९९३ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टन येथे, चित्रीकरण शेवटच्या टप्प्यात असताना, एरिक घरी परततो आणि गुंड त्याच्यावर गोळी झाडतो, या दृश्याचे काम चालू होते. त्याआधी पिस्तुलाचे जवळून चित्रण करण्यासाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून नकली काडतुसे बनवली होती, पण त्यांतल्या एकाचा प्रायमर (दारूला ठिणगी देणारा बुडाचा भाग) शाबूत राहिला. त्याच्या जोरावर गोळीचे टोक नळीत शिरून अडकून बसले आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे त्याच पिस्तुलात फक्त आवाजाची काडतुसे भरून बार काढला, तेव्हा ते अडकलेले टोक खऱ्या गोळीच्या वेगाने बाहेर पडले. ब्रँडन अठ्ठावीस वर्षांचा होता आणि एप्रिलमध्ये त्याचे लग्न व्हायचे होते.

राहिलेले काम कसे पुरे केले गेले हे पाहिले की माझा मुद्दा स्पष्ट होईल. कथेत फेरफार झाले, साराच्या तोंडचे निवेदन घातले गेले, आणि चॅड स्टाहेल्स्की या साहसदृश्यांच्या कलाकाराला एरिकच्या वेशात उभे करून काही ठिकाणी त्याच्यावर ब्रँडनचा चेहरा संगणकाने बसवला गेला. (हाच स्टाहेल्स्की पुढे ‘जॉन विक’चा दिग्दर्शक झाला.) थडग्यातून उठलेला एरिक आपल्या घराच्या दारात पाऊल टाकतो, ते दृश्य आठवा. पावसात गल्लीतून चालणाऱ्या ब्रँडनचे आधीच टिपलेले चित्र तिथून उचलून या दारात बसवले आहे. म्हणजे घराचा उंबरा ओलांडणारा तो माणूस त्या घरात आलेलाच नव्हता. मृत माणूस परत येतो ही कथेतली कल्पना त्या एका चित्रात तंत्राच्या पातळीवरही खरी झाली आहे, आणि हे एकदा कळल्यावर ते दृश्य पूर्वीसारखे पाहता येत नाही.

चित्रपटाची अर्पणपत्रिका ब्रँडन आणि त्याची वाग्दत्त वधू एलायझा यांच्या नावाने आहे. लग्नाच्या तोंडावर ताटातूट झालेल्या जोडप्याची कथा आणि तशाच जोडप्याला केलेले अर्पण, हे दोन्ही एकाच पडद्यावर आहे. २०२१ साली ‘रस्ट’च्या चित्रीकरणात छायालेखिका हलिना हचिन्स यांचा पिस्तुलाच्याच अपघातात बळी गेला, तेव्हा जगभरच्या बातम्यांत पुन्हा ब्रँडनचे नाव निघाले. हे ओझे बाजूला ठेवून चित्रपट पाहा, असे आपण प्रेक्षकाला कसे सांगणार?

---

खर्ज

या धाग्यावर संगीताचा उल्लेख अजून झाला नाही, म्हणून लिहितो. माझ्या ओळखीतल्या अनेकांना ‘द क्रो’ आधी कानांनी भेटला आणि डोळ्यांनी नंतर. त्याच्या गाण्यांची ध्वनिफीत अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती.

आधी मूळ चित्रकथेकडे जायला हवे. जेम्स ओबार यांची वाग्दत्त वधू दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या माणसामुळे अपघातात गेली, आणि त्या दुःखातून बाहेर पडण्यासाठी त्यांनी ही कृष्णधवल चित्रकथा काढायला घेतली. ती १९८९ पासून प्रकाशित होऊ लागली. तिच्या पानापानांत त्या काळच्या उदास ब्रिटिश संगीताचा निवास आहे. अल्ब्रेक्ट आणि हुक या पोलिसांची नावे ‘जॉय डिव्हिजन’ या वाद्यवृंदातल्या वादकांवरून घेतली आहेत, तर ‘द क्युअर’च्या एका गाण्याचे शब्द थेट पानावर छापले आहेत. चित्रपट करताना निर्मात्यांनी हा धागा तुटू दिला नाही. ‘द क्युअर’ने खास या चित्रपटासाठी ‘बर्न’ हे गाणे केले, आणि ‘नाइन इंच नेल्स’ने ‘जॉय डिव्हिजन’चे ‘डेड सोल्स’ आपल्या पद्धतीने नव्याने वाजवले. ज्या संगीताने चित्रकथाकाराला सोबत केली, तेच संगीत चित्रपटात नायकाला सोबत करते. बाजारात खपतील अशी चार लोकप्रिय गाणी गोळा करून चित्रपटाला चिकटवण्याचा प्रकार तेव्हाही होता, पण इथे तसे झाले नाही, हे ऐकताना लगेच जाणवते.

‘बर्न’ जिथे वाजते तो प्रसंग पाहा. एरिक आरशासमोर बसून चेहऱ्याला पांढरा रंग लावतो आहे, डोळ्यांवरून काळ्या रेघा ओढतो आहे. ढोलांचा ठेका सुरुवातीपासून दबलेला, घुमणारा आहे, आणि गाणाऱ्याचा आवाज बराच उशिरा येतो. तेवढ्या वेळात हा माणूस एरिक राहत नाही, दुसराच कोणी होतो. संवाद जवळजवळ नाहीच. सुपरहिरोपटात नायक पहिल्यांदा वेश धारण करतो तो क्षण सहसा विजयाचा असतो आणि त्यामागे तुताऱ्या वाजतात. इथे एक माणूस आपल्या अंत्यविधीची तयारी आपल्याच हाताने करतो आहे असे वाटते.

पार्श्वसंगीत ग्रेम रेव्हेल यांचे. त्यात यंत्रांचे खडखडाट आहेत आणि त्यांच्यामधून दुदुक या आर्मेनियन वाद्याचा स्वर येतो, जो आपल्या सनईच्या खालच्या सप्तकाजवळ जाणारा, पण त्याहून जास्त श्वासभरला आहे. डेट्रॉइटच्या छपरांवर तो स्वर परका वाटायला हवा होता, तरी तो तिथे चपखल बसतो.

आणखी एक. टॉप डॉलरच्या अड्ड्याखालच्या क्लबमध्ये वाजवणारे वाद्यवृंद खरेखुरे आहेत. ‘माय लाइफ विथ द थ्रिल किल कल्ट’ आणि ‘मेडिसिन’ हे दोघेही तिथे प्रत्यक्ष वाजवताना दिसतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती काळ्या कपड्यांतली तरुण मंडळी कशी दिसत, कशी नाचत, याची नोंद म्हणूनही या चित्रपटाला मोल आहे.

---

निशाचर

सांजवारा, तुमच्या मुद्द्याचे वजन मी नाकारत नाही. दाराच्या त्या दृश्याविषयी तुम्ही जे लिहिलेत ते वाचून मी पुन्हा तो भाग पाहिला आणि अंगावर काटा आला. माझा आक्षेप एवढाच आहे की, मृत्यूमुळे एखाद्या कलाकृतीकडे लोक वळतात, पण तेवढ्याने ते तीस वर्षे तिच्यापाशी थांबत नाहीत. चित्रीकरणादरम्यान कलाकार दगावल्याची उदाहरणे चित्रपटसृष्टीत आणखीही आहेत, आणि त्यांतले बहुतेक चित्रपट आज कोणी आठवून पाहत नाही. ब्रँडनने या भूमिकेत जे केले आहे ते तो हयात असता तरी तितकेच मोठे ठरले असते. विशेषतः अल्ब्रेक्टच्या घरातला प्रसंग. शेलीला छोट्या छोट्या गोष्टींचे फार अप्रूप होते, तेव्हा मला त्या क्षुल्लक वाटत, आता कळते की काहीच क्षुल्लक नसते, अशा अर्थाचे तो तिथे जे बोलतो, ते इतक्या हलक्या, जवळजवळ हसऱ्या आवाजात बोलतो की, समोरचा पोलीस आणि आपण दोघेही निरुत्तर होतो. देखणे, चपळ नट पुष्कळ असतात. असा आवाज लावणारा नट क्वचित मिळतो.

---

गोदाकाठ

चित्रपटाच्या सुरुवातीलाच साराच्या आवाजात एक समजूत सांगितली जाते: माणूस मेला की कावळा त्याचा आत्मा मृतांच्या प्रदेशात नेतो, पण कधी कधी दुःख इतके मोठे असते की आत्म्याला विसावा मिळत नाही, आणि मग अन्यायाचे निवारण करण्यासाठी कावळा त्याला परत आणतो. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला ही केवळ एका काल्पनिक कथेची प्रस्तावना वाटत असेल. नाशिकला रामकुंडावर दशक्रिया पाहत वाढलेल्या माझ्यासारख्याला ती ऐकताना एकदम घरचे कोणी बोलल्यासारखे वाटले.

दहाव्या दिवशी पिंड ठेवून सगळे नातेवाईक ताटकळत उभे असतात. कावळा झडप घालून शिवला तर सुटकेचा निःश्वास सोडतात. शिवला नाही, तर मृताचा जीव कशात तरी अडकला आहे असे मानून एकेक जण पुढे होतो आणि मोठ्याने वचन देतो: धाकटीचे लग्न आम्ही लावून देऊ, आईला अंतर देणार नाही, भावाभावांत वाद होऊ देणार नाही. तरीही कावळा नाहीच आला तर शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. माझ्या एका नातेवाइकांच्या वेळी कावळे समोरच्या भिंतीवर रांगेने बसून होते आणि पिंडाकडे ढुंकून पाहत नव्हते. त्यांच्या पत्नीने पुढे होऊन गहाण पडलेली जमीन सोडवून घेण्याचा शब्द दिला, आणि पुढच्या क्षणी एक कावळा उतरला. त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे लावावा. मला एवढे सांगायचे आहे की, कावळा हा अपुऱ्या इच्छेचा साक्षीदार असतो ही कल्पना आपल्याला शिकवावी लागत नाही.

पण साम्यापेक्षा मला फरक जास्त विचार करायला लावतो. आपल्याकडे मृताचे राहिलेले काम जिवंतांनी अंगावर घ्यायचे असते, तर या चित्रपटात मृतालाच ते पुरे करायला परत यावे लागते, कारण जिवंतांच्या जगात त्याच्यासाठी उभे राहणारे कोणी उरलेले नाही. नाही म्हणायला दोघे आहेत. शेलीच्या उशाशी तीस तास बसून राहिलेला, आणि या प्रकरणाविषयी नको ते प्रश्न विचारल्यामुळे पदावनती पत्करलेला अल्ब्रेक्ट हा एक, आणि दोघांच्या थडग्यांवर फुले ठेवणारी सारा ही दुसरी. ते तीस तास अल्ब्रेक्टने आपल्या आत सांभाळून ठेवले नसते, तर शेवटी एरिकच्या हाती काहीच राहिले नसते. चर्चच्या छपरावर एरिकची शक्ती संपलेली आहे, हातात शस्त्र नाही, आणि तेव्हा तो टॉप डॉलरच्या डोक्याला हात लावून शेलीचे ते तीस तासांचे दुःख एका क्षणात त्याच्यात उतरवतो. ते दुःख त्याला अल्ब्रेक्टकडून मिळाले होते. एका सामान्य पोलिसाने कर्तव्याबाहेर जाऊन मरणाऱ्या अनोळखी मुलीला दिलेली सोबत शेवटी खलनायकाला संपवते. माझ्या लेखी या कथेचा नायक एरिकइतकाच अल्ब्रेक्ट आहे, आणि अर्नी हडसन यांनी तो किती साधेपणाने उभा केला आहे हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

---

शब्दवेल

सगळ्यांचे प्रतिसाद मनापासून वाचले. चित्रपट मलाही आवडतो, पण दोन गोष्टी खटकतात आणि त्या इथे मांडल्या नाहीत तर चर्चा एकतर्फी होईल.

पहिली शेलीविषयी. तिच्यावर झालेल्या अत्याचाराभोवती सगळी कथा फिरते, पण ती माणूस म्हणून आपल्याला किती कळते? आठवणींच्या तुकड्यांत ती हसते, एरिकला बिलगते, आणि मग किंचाळते. तिला काय आवडायचे, ती कशावर चिडायची, हे कळत नाही; भाडेकरूंच्या हक्कासाठी तिने अर्ज केला होता हे एका ओळीत येऊन जाते, आणि वास्तविक त्या अर्जामुळेच गुंड तिच्या घरी आले. स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या घरासाठी उभी राहणारी ही बाई होती. चित्रपटाने त्या बाजूकडे थोडे अधिक पाहिले असते, तर तिचा मृत्यू एरिकच्या दुःखाचे निमित्त एवढाच उरला नसता. स्त्रीला मारून पुरुषाला नायक करण्याची ही रीत सुपरहिरोंच्या कथांत फार जुनी आहे आणि ‘द क्रो’ तिला अपवाद नाही.

दुसरी मायकाविषयी. बाय लिंग यांनी केलेली ही खलनायिका पूर्वेकडची, गूढ, डोळे काढणारी, जादूटोणा जाणणारी आणि भावाशीच, म्हणजे टॉप डॉलरशी, संबंध ठेवणारी अशी रंगवली आहे. आशियाई स्त्रीविषयी हॉलीवूडने जपलेले सगळे साचे तिच्यात एकत्र कोंबले आहेत. ज्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी ब्रूस लीचा मुलगा आहे, त्यातच हे व्हावे याचे मला वाईट वाटते.

---

दूरदेशी

मी मिशिगन राज्यात राहतो, तेव्हा ‘डेव्हिल्स नाइट’विषयी थोडी भर घालतो. ही रात्र कथाकाराच्या डोक्यातून आलेली नाही. हॅलोवीनच्या आदल्या रात्री पोरांनी खोड्या काढायच्या, ही जुनी रीत डेट्रॉइटमध्ये हळूहळू जाळपोळीवर गेली. १९८४ साली त्या सुमारास शहरात आठशेहून अधिक आगी लागल्या होत्या. मोटारींचे कारखाने आक्रसले, लोक शहर सोडून उपनगरांत गेले, ओस पडलेली घरे हजारोंनी उभी राहिली, आणि तीच जळत होती. काही विम्यासाठी, काही नुसत्या उनाडपणाने. १९९५ पासून शहराने त्या रात्रीला ‘एंजल्स नाइट’ म्हणायला सुरुवात केली आणि हजारो नागरिक स्वयंसेवक म्हणून गस्तीला बाहेर पडू लागले, त्यानंतर आगी बऱ्याच कमी झाल्या.

चित्रपटाचे चित्रीकरण डेट्रॉइटमध्ये झालेच नाही, हे वर आलेच आहे. तरीही इथले जुने रहिवासी त्या शहराची ओळख पटते असे म्हणतात. शब्दवेल, तुम्ही शेलीच्या अर्जाविषयी लिहिलेत त्याचा संबंध इथे लागतो. भाडेकरूंना हुसकावून इमारती रिकाम्या करणे आणि त्यांना आगी लावणे, हा टॉप डॉलरचा धंदा आहे. या प्रश्नाला चित्रपट ओझरता स्पर्श करून पुढे जातो, पण मूळ जखम खऱ्या शहराची आहे.

---

निशाचर

शब्दवेल, शेलीविषयीचा तुमचा आक्षेप मला मान्य करावाच लागेल. तिच्या अर्जाचा धागा चित्रपटाने उचलून हातचा सोडून दिला आहे. मायकाच्या बाबतीतही मी बचाव करणार नाही. फक्त शेली कमी दिसण्याविषयी एक उलट अनुभव मांडतो, कारण त्याची परीक्षा २०२४ साली झाली.

रूपर्ट सँडर्स यांनी बिल स्कार्सगार्ड आणि एफकेए ट्विग्ज यांना घेऊन ‘द क्रो’ पुन्हा केला, तेव्हा एरिक आणि शेली यांच्या प्रेमाला त्यांनी भरपूर वेळ दिला. दोघे व्यसनमुक्ती केंद्रात भेटतात, पळून जातात, एकत्र राहतात, आणि मग बऱ्याच उशिरा मारले जातात. कागदावर हा उपाय तुमच्या आक्षेपाला उत्तर देणारा वाटतो. पण शेली इतका वेळ पडद्यावर असूनही ती कोण होती हे मला तिथे कळले नाही, कारण तिला बोलायला आणि करायला ठोस असे काही दिलेलेच नव्हते. मूळ चित्रपटात गिडियनच्या गहाणवटीच्या दुकानात एरिक डब्यातल्या ढीगभर अंगठ्या एकेक करून उपसतो आणि शेलीची नेमकी ओळखून काढतो. आणि ती अंगठी शेवटी साराकडे जाते. त्या डब्यात आणखी किती लुटलेल्या बायकांच्या अंगठ्या असतील, हा विचार मला दर वेळी छळतो. शेलीला न्याय द्यायला पडद्यावरचा वेळ वाढवणे पुरेसे नव्हते. तिच्या अर्जाचे एक दृश्य, तिचे शेजाऱ्यांशी असलेले नाते, अल्ब्रेक्टशी त्या तीस तासांत झालेले एखादे बोलणे, एवढ्याने ते काम झाले असते. हे १९९४ मध्येही करता आले असते, आणि २०२४ मध्ये तर करायलाच हवे होते.

मधल्या काळातले १९९६, २००० आणि २००५ चे पुढचे भाग मी पाहिले आहेत, पण त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. प्रत्येकात कोणीतरी मरते, रंग लावते, कावळा येतो आणि सूड होतो. डार्लासारखा एकही प्रसंग त्यांत नाही.

ज्यांना आता पाहायचा आहे त्यांना एक सूचना: जुन्या, निकृष्ट प्रतींत या चित्रपटाचा काळोख नुसता गढूळ दिसतो आणि वोल्स्की यांचे अर्धे काम वाया जाते. तिसाव्या वर्षाच्या निमित्ताने २०२४ मध्ये त्याची फोर-के प्रत निघाली आहे, शक्यतो तीच पाहावी, आणि खर्ज यांनी सांगितलेल्या संगीतासाठी आवाजाची व्यवस्था बरी असेल असे पाहावे. हिंसा आणि लैंगिक अत्याचाराचे उल्लेख असल्याने हा मुलांचा चित्रपट नाही, हेही घरात लावण्यापूर्वी लक्षात असू द्यावे.